बिल्ला, दिवा आणि डबलसीट

सायकल अडवून चाकाची हवा सोडणारा पोलीस जयसिंगपुरात शेवटचा कधी कुणाला दिसला, देव जाणे. एके काळी मात्र सायकलवाल्याला केवढा धाक असायचा! नगरपालिकेचा बिल्ला हवा, घंटी हवी, दिवेलागण झाली की दिवा हवा. डबलसीट म्हणजे तर खुनाच्या खालोखालचा गुन्हा. चौक जवळ आला की मागं बसलेला मित्र टुणकन उतरायचा, साळसूद चेहऱ्यानं चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडं पुन्हा कॅरिअरवर. हवालदारही इथलाच, तो पुढच्या चौकात उभा असायचा.

आमच्या गावात लपायची सोय नव्हतीच. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं हे गाव वसवलं, ते पाटीवर पट्टीनं रेघा ओढाव्यात तसं. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, आणि गल्ल्यांना नंबर. पत्ता सांगायला सोपं, पण या टोकाला उभ्या असलेल्या खाकीला पार त्या टोकाची डबलसीट दिसते. गावात एकही धड वाकडा बोळ नाही, याचं दुःख सायकलवाल्यांखेरीज कुणाला झालं नसेल.

दिव्याची तर वेगळीच गंमत. डायनामो टायरला टेकवला की गुर्रर्र आवाज यायचा, पायडल जड व्हायचं आणि समोर पिवळा कवडसा पडायचा. जोरात मारलं की लख्ख, चढ लागला की मिणमिणता, आणि ब्रेक दाबून थांबलं की गुडुप. म्हणजे ट्रक अंगावर येतोय म्हणून रस्त्याच्या कडेला थांबावं, तर नेमका तेव्हाच अंधार. ज्यांना डायनामो परवडत नसे ते हँडलच्या मुठीसोबत बॅटरी धरत. कायद्याला दिवा हवा असे, तो कुठल्या जातीचा हे त्यानं कधी विचारलं नाही.

1951 च्या पोलीस अधिनियमानं वाहनाची व्याख्या करताना सायकलचं नाव घेऊन तिला आत घेतलं आणि डाव्या बाजूनं जायला बजावलं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात लायसन, नोंदणी, विमा, हेल्मेट असा सगळा थाट आहे, पण तो इंजिनवाल्यांचा. सायकल त्यात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीत बिनइंजिनाच्या वाहनांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार राज्यांना दिला गेला, आणि 2020 मध्ये केंद्रानं सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाचा आदेश काढला. चांगलंच झालं. पण मला त्या हवा सोडणाऱ्या हवालदाराची आठवण येते. दंड करायला का होईना, तो आमच्याकडं बघत होता. आता सिग्नल तोडून गेलो तरी कुणी शिट्टी मारत नाही, आणि कुणी कट मारून गेलं तरीही नाही.

कट मारायला सांगली-कोल्हापूर रस्ता आहेच. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या निघतात. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, टेपवर गाणं इतकं मोठं की आपली घंटी आपल्यालाच ऐकू येऊ नये. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम दर हंगामात निघते आणि चिखल ते झाकून टाकतो. पूर्वी शाळकरी पोरं चालत्या ट्रॉलीला एका हातानं धरून फुकटात घर गाठायची, वर एखादं कांडंही उपसायची. हे कुठल्या कायद्यात बसत नव्हतं, पण घरी कळल्यावर जे व्हायचं ते कुठल्याही कलमापेक्षा कडक असे.

हॉलंडमध्ये म्हणे मोटार आणि सायकलची धडक झाली, तर भरपाईचा भार बहुतेक वेळा मोटारवाल्यावरच पडतो. त्यात नवल ते काय? आमच्या चौकात हा कायदा कुणी न लिहिता चालतो. धडक झाली की पानपट्टीपासून वडापावच्या गाड्यापर्यंतचे सगळे पंच गोळा होतात. सायकलवाला आडवा घुसलेला सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी पहिलं वाक्य ठरलेलं: "मोठी गाडी तुमची, तुम्ही बघून चालवायला नको व्हय?" निकाल लागतो, हँडल सरळ करून मिळतं, चहाही होतो.

हल्ली रविवारी पहाटे नृसिंहवाडीकडं जाणारी मंडळी दिसतात. गिअरची सायकल, डोक्यावर हेल्मेट, मागं लुकलुकणारा लाल दिवा. त्यातल्याच एका डॉक्टरांना परवा टपरीवर, सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून निघालेल्या आमच्या मामांनी विचारलं,

"डॉक्टर, दिवा लई झकास हाय. केवढ्याला पडला?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. मामांनी किटलीचं झाकण घट्ट केलं.

"आयला, तेवढ्यात पेंडीचं पोतं येतंय की!" म्हणाले, आणि टांग टाकून उजव्या बाजूनंच निघाले. किटल्या डावीकडं असल्या की त्यांना तसंच सोयीचं पडतं.