चार पावलं मागे

मे संपत आला की ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या ट्रेक गटांमध्ये दोन प्रश्न फिरू लागतात. यंदा काजवे कुठे बघायचे, आणि त्यांचे फोटो कोणत्या कॅमेऱ्याने चांगले येतात? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: मुरबाडच्या सिद्धगडापासून भंडारदरा-पुरुषवाडीपर्यंत कुठेही जा. दुसरा प्रश्न मात्र फार पुढचा आहे. डोंगरात फोटो काढणाऱ्याने सगळ्यात आधी अंतर शिकावं. काजव्यांच्या झाडापासून, घरट्यापासून, कड्याच्या टोकापासून किती लांब थांबायचं हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात लाखाचा कॅमेरा दिला तर नुकसानच वाढेल.

काजव्यांचंच घ्या. नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. मादी झुडपात किंवा गवतात बसून आपल्या मंद उजेडाने उत्तर देते. पूर्ण वाढलेल्या काजव्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, आणि तेवढ्यात हे सगळं जमवायचं. तिथे आपण गाडीचे दिवे, हातातल्या बॅटऱ्या आणि मोबाइलचे फ्लॅश घेऊन पोचतो. मादीचं उत्तर त्या झोतात बुडून जातं. जोडी जमली नाही की अंडी नाहीत. मग दोन वर्षांनी तीच मंडळी विचारतात, अहो, काजवे कमी कसे झाले?

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हजारो सोनेरी ठिपक्यांनी उजळलेलं झाड तुम्ही फोटोत पाहता, तो बहुतेक वेळा एका क्षणाचा फोटो नसतो. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून, पंधरा-वीस सेकंदांच्या अनेक फ्रेम घेऊन, त्या घरी एकावर एक रचलेल्या असतात. डोळ्यांना तसं काही दिसत नाही. हे माहीत नसलेला माणूस तिथे जाऊन हिरमुसतो, आणि ‘नीट दिसत नाहीत’ म्हणून बॅटरी मारत आणखी आत शिरतो. तसा फोटो हवाच असेल तर उजेड असतानाच जागा धरा, कॅमेरा रोखून ठेवा, बॅटरीवर लाल कागद चढवा आणि अंधार पडल्यावर जागचे हलू नका.

पाऊस लागला की धबधब्यांची पाळी. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी रील काढताना एक तरुणी दरीत कोसळली आणि गेली. त्याच्या काही आठवडे आधी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपल्या इथल्या कोंडेश्वरच्या डोहानेही अनेक घरं उजाड केली आहेत. तरी दर रविवारी कोणीतरी शेवाळलेल्या खडकावर पाठमोरं उभं राहून विचारत असतं, अजून थोडं मागे घेऊ का? घेऊ नका. चालताना फोन खिशात राहू द्या. थांबा, दोन्ही पाय घट्ट रोवा, मग फोन काढा. धबधब्याचा चांगला फोटो समोरच्या उतारावरून येतो, कारण पाणी कुठून सुटलं आणि कुठे पडलं हे तिथूनच कळतं. ढगाळ दिवस त्यासाठी उत्तम. उन्हात पाण्याचा नुसता पांढरा डाग होतो.

अंतराने डोंगरही चांगला दिसतो. चंदेरीचा सुळका त्याच्या पायथ्याशी उभं राहून टिपणारे मान मोडून घेतात आणि हाती नुसता दगड येतो. सकाळी कर्जत लोकलने वांगणीला उतरा. चंदेरीची रांग स्टेशनच्या पश्चिमेला आहे, म्हणजे उगवतं ऊन तुमच्या पाठीवर आणि सुळक्याच्या अंगावर. पुढे भाताची खाचरं, मागे कातळ. फोनवरसुद्धा सुरेख येतं. ठाणे खाडीत हाच हिशोब. ऐरोली पूर्व किनाऱ्यावर आहे, तेव्हा सकाळच्या बोटफेरीत मुलुंडच्या बाजूला बघा. संध्याकाळी त्याच बाजूला बघाल तर सगळं काळं येईल. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही आदल्या दिवशी पाहून ठेवा. चिखल उघडा पडतो तेव्हाच रोहित पक्षी खायला पसरतात.

आणि तिथे बोटवाल्याला ‘दादा, जरा आणखी जवळ घ्या ना’ म्हणू नका. तो बिचारा गिऱ्हाइकाचं मन राखायला घेतो. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ झालेल्या या खाडीत ते पक्षी पोट भरायला येतात. रोहिताला उडताना पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो, आणि मे महिन्यात तर लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. पंख पसरून उडालेल्या थव्याचा जो फोटो भिंतीवर लावला जातो, त्यातले किती थवे आपणहून उडाले असतील, हा विचार मला तो फोटो पाहताना नेहमी छळतो.

घरट्यांच्या बाबतीत तर मी काहीही ऐकून घ्यायला तयार नाही. तिबोटी खंड्या पावसाळ्यात कोकणच्या ओढ्यांकाठी येतो, मातीच्या दरडीत बोगदा खणतो, पिल्लं वाढवतो. चिमूटभर जीव. त्याच्या बोगद्यासमोर तिकाटण्यांची रांग लागली की चोचीत पाल धरून तो फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचा. पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं त्या व्याख्येत बसतं. बंदूक लागत नाही. घरटं दिसलं तर वाट बदला, आणि त्या दिवशीच्या फोटोंमधली ठिकाणाची नोंद बंद करा. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती सोय असते.

हिरवा चापडा साप चांगल्या फांदीवर उचलून ठेवणं, सरड्याला फुलाशेजारी आणून बसवणं, फुलपाखराला सकाळी गारठलेलं असताना हाताने हलवणं, पक्ष्याला रेकॉर्ड केलेली शीळ ऐकवून बोलावणं, हे सगळं राजरोस चालतं. यात जनावराचे हाल तर आहेतच, पण नोंदही खोटी होते, आणि खोट्या नोंदीने काय होतं याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणालाच खात्रीने सापडत नव्हतं. एकच नवा पुरावा होता: रिचर्ड मायनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याचा १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा नमुना. त्या नमुन्यावरच्या चिठ्ठीच्या भरवशावर शोध होत राहिले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, आधीच्या शतकात खानदेशात मिळवलेला, वर तारीख आणि ठिकाण बनावट. त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत पाहिला. पुढे २०१४ साली तो आपल्या तानसा अभयारण्यात दिसला, आसनगावपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ! कोणाच्या तरी खऱ्या डोळ्यांनी आणि खऱ्या फोटोने हे झालं. म्हणून फोटोखाली तारीख, गाव, झाड आणि पक्षी काय करत होता ते लिहा. भावुक ओळी नंतर लिहिल्या तरी चालतील.

हात बसवायला लांब जायची गरज नाही. ठाणेकरांनी घोडबंदर रस्त्यावर ओवळेकर वाडीत जावं. फुलपाखरं सकाळच्या उन्हात पंख उघडून बसतात, तेव्हा गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा आणा आणि तुमची सावली त्यांच्यावर पडणार नाही असं बघा. राज्य फुलपाखरू नीलवंत तिथे भेटू शकतं. डोंबिवलीकरांना भोपर, सातपूल, निळजे तलाव आहेत. हिवाळ्यात गवताच्या शेंड्यावर गप्पीदास येऊन बसतो. त्याच्या मागे धावू नका, एका जागी बसा. तो फिरून त्याच शेंड्यावर येतो.

कॅमेऱ्याला जपायचं असेल तर पावसाळाभर तो चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, आणि ती काढायला दुरुस्तीवाला चांगलेच पैसे घेतो. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. इतकंच.

उरला प्रश्न गट नेणाऱ्यांचा. जून लागायच्या आत त्यांनी नोंदणीच्या संदेशातच लिहावं: काजव्यांवर बॅटरी नाही, घरट्याचा फोटो नाही, कड्यावर रील नाही, प्राण्याला हात नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याचे पैसे आधीच परत करावेत, आणि वाटेत कोणी मोडलं तर तिथूनच त्याला स्टेशनवर पाठवावं.