सोन्यापेक्षा महाग

सकाळी लागोपाठ फोन वाजू लागले की मला अजूनही वाटतं, बाजारात आपल्यावर उड्या पडताहेत. “सर, जॉब चेंजसाठी लुकिंग आहात का?” पहिला फोन मी मुद्दाम जरा उशिरा उचलतो. दुसऱ्याला ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सांगतो; मीटिंग पोह्यांबरोबर चालू असते. तिसऱ्यापर्यंत माझा आवाज खर्जात गेलेला असतो. मग चौथाही तीच कंपनी, तेच हिंजवडी फेज थ्री आणि तोच सहा महिन्यांचा टेस्टिंगचा करार सांगतो, तेव्हा उजेड पडतो. जागा एकच, आणि ती गावातल्या सगळ्या कन्सल्टन्सींना वाटलेली. चढाओढ असते ती माझा रेझ्युमे आधी कोण पाठवतो याची. म्हणून जो तो मेलवर लिहून मागतो की, या जागेसाठी मी फक्त आपल्याचमार्फत येईन. एवढी एकनिष्ठा माझ्याकडून लग्नातही कोणी लिहून घेतली नव्हती.

“लोकेशन पुणे आहे सर, रिलोकेट व्हाल?”

“मी कोथरूडला राहतो.”

“हो सर, पण रिलोकेट व्हाल ना?”

पूर्वी मी हसायचो. संध्याकाळी सातला वाकडच्या पुलावर उभं राहिल्यापासून हा प्रश्न मला रास्त वाटतो.

एजन्सी माझं बिल कंपनीला लावते तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. सोन्यावर ३ टक्के. हे मी घरी जरा छाती फुगवून सांगितलं. बायको म्हणाली, “सोनं मोडलं तर पैसे येतात.”

पण माझा खरा जिव्हाळ्याचा विषय गळ्यातली पट्टी. कंपनीच्या कायम लोकांची निळी, आम्हा एजन्सीमार्फत आलेल्यांची केशरी. निळीवाले ती गळ्यात घालून बँकेत जातात, भाजी घेतात, मुलाच्या शाळेत पालकसभेला बसतात. एकाला तर मी लग्नाच्या पंगतीत पट्टीसकट श्रीखंड खाताना पाहिलंय. केशरीवाल्यांच्या मात्र नाना युक्त्या. कुणी कार्ड खिशात सारून पट्टी कॉलरखाली दडवतो, कुणी ती मनगटाला गुंडाळतो, कुणी टपरीवर चहा घेताना ती शर्टाच्या आत ढकलतो. मार्चपर्यंत थंडी वाजणारे लोक मी याच आवारात पाहिले. जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली की रंगाचा प्रश्नच मिटतो. माझ्याकडे जुन्या, कायमच्या नोकरीतली एक निळी पट्टी होती. रंग जवळपास तोच. एका सोमवारी मी केशरीवरचं कार्ड काढून तिला लावलं आणि नवशिक्या पोरांसमोर संथ पावलांनी गेटवर गेलो. मशीनने हिरवा दिवा दाखवला. गार्डने हात आडवा घातला.

“मशीन कार्ड बघतं साहेब, मी पट्टी बघतो.”

पट्टीचं एक वेळ हसण्यावारी नेता येतं. पण आमची भरती एचआर करत नाही, पर्चेस डिपार्टमेंट करतं. खुर्च्या आणि प्रिंटरचा कागद घेणारं तेच. दिवाळीचे बॉक्स एचआरच्या यादीने येतात. ते वाटताना आपण आपल्या स्क्रीनकडे फार एकाग्रतेने बघायचं असतं. आणि ग्रॅच्युइटी? १९७२ च्या कायद्याने त्यासाठी सलग पाच वर्षं मागितली. मी त्याच खुर्चीत पाचांहून जास्त वर्षं बसलो, पण अधूनमधून एजन्सी बदलली आणि दर वेळी मी कागदावर नवा कोरा झालो. खुर्चीची सेवा मात्र अखंड धरली जाते. तिच्यावर कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक आहे.

परवा एका एजन्सीच्या मुलीचा फोन आला. लातूरकडची असावी. ठरलेले प्रश्न झाले, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड, नोटीस पीरियड, आणि मग ती आवाज उतरवून म्हणाली, “सर, तुमच्याकडे रिक्रुटरची जागा असली तर सांगाल? माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय. टार्गेट नाही झालं.” माझा खर्ज कुठल्या कुठे गेला. तिचा रेझ्युमे मागवला, शुद्धलेखन तपासलं आणि आमच्या मॅनेजरला पाठवून दिला. सोबत शिफारशीच्या चार ओळी, स्वतःसाठी कधी लिहिल्या नव्हत्या इतक्या मनापासून.

तासाभरात उत्तर आलं. ‘मुलगी चांगली आहे. पण थेट घेता येत नाही. कुठल्यातरी एजन्सीमार्फत यायला सांग.’