भावकीत एक वाढला

कोकणात एखाद्याने "आमचे मूळ पुरुष इथलेच" असं म्हटलं की समोरचा माणूस आधी त्याच्या हाताकडे बघतो. हात रिकामा असेल तर चहा येतो. हातात फाइल असेल तरीही चहा येतो, पण तो उकळेपर्यंत मागच्या दाराने कुणीतरी थोरल्या घरी वर्दी द्यायला गेलेलं असतं. आमच्या मॉरिशसच्या पाहुण्यांच्या हातात फाइल होती, आणि ती चांगली जाडजूड होती.

पाहुणे माझ्या जावयाच्या ओळखीचे. वय साठीच्या अलीकडचं. त्यांना आणायला मी रत्नागिरी स्टेशनवर गेलो, तेव्हा परदेशातला माणूस चटकन ओळखू येईल असं वाटलं होतं. पण गणपतीचे दिवस, फलाट चाकरमान्यांनी भरलेला, आणि पाहुण्यांचा चेहरा फलाटावरच्या कुणाचाही असावा असा. शेवटी त्यांनीच मला हेरलं, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार गुरुजी. माझे आगमन सुखरूप झाले आहे."

मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवतात. घरात बोलायला क्रिओल, वर्तमानपत्राला फ्रेंच, कचेरीला इंग्रजी. त्यामुळे पाहुण्यांचं मराठी थेट पाठ्यपुस्तकातून आलेलं, वापराने कुठेही न झिजलेलं. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "बंधो, मला माझ्या पूर्वजांच्या जन्मभूमीचे दर्शन घ्यावयाचे आहे." रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "म्हाराज कुटल्या मठाचे?" उतरताना त्याने सुटे पैसे परत दिले. रत्नागिरीत मी इतकी वर्षं राहतोय, हा मान मला मिळालेला नाही.

संध्याकाळी फाइल उघडली. आत मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून आणलेले उतारे होते. 1834 पासून पुढे जवळजवळ पाऊण शतक हिंदुस्थानातून जे मजूर करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांची दफ्तरं तिथे आहेत. माणसं साडेचार लाखांहून अधिक. गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांना ऊस तोडायला हात हवे झाले. मग पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि वर तांदूळ-डाळीचा शिधा. बहुतेक जहाजं कलकत्त्याहून आणि मद्रासहून सुटत. मुंबईहून गेले ते त्या मानाने थोडे, आणि त्यांत आमचे कोकणी. पोर्ट लुईच्या बंदरात उतरलं की सोळा पायऱ्या चढायच्या आणि कारकुनापुढे उभं राहायचं. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, 2006 पासून ती जागतिक वारसा आहे. पाहुणे त्या पायऱ्यांवर दर वर्षी 2 नोव्हेंबरला फुलं वाहतात. त्या दिवशी तिकडे सुट्टी असते. गणेश चतुर्थीलाही असते. आमच्याकडे ती मिळवायला साहेबाला आजी मारून दाखवावी लागते.

उताऱ्यावर पाहुण्यांच्या खापरपणजोबांचा नंबर होता. मग नाव, बापाचं नाव, वय वीस, जात मराठा, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण, जहाज कोणतं, मळा कोणता. फोटो तेवढा नव्हता. मजुरांचे फोटो काढायची पद्धत 1860 नंतर रुळली आणि हा गृहस्थ तिच्या जरा आधी उतरला.

मी तो कागद बराच वेळ बघत बसलो. आमच्या शेजारच्या बापटांकडे, म्हणजे आपण त्यांना बापट म्हणू, छापील कुलवृत्तांत आहे. त्यात मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत सगळं आहे; कुणाला कुठलं इनाम होतं आणि कोण काशीला गेला तेही आहे. पण उंची कुणाचीही नाही. आणि ज्या घरांत कुलवृत्तांत नाही, त्यांना आजोबांच्या पलीकडे विचारलं की "असतील कोणतरी" एवढंच उत्तर मिळतं. या माणसाची भुवई कुणी टिपून ठेवली, तर ज्यांना त्याच्याकडून ऊस तोडून घ्यायचा होता त्यांनी. पळाला तर पकडायला खूण हवी म्हणून. हेतू वाईट, पण अक्षर सुंदर.

गाव मात्र त्या सुंदर अक्षरात बुडालेलं होतं. खापरपणजोबांनी पान खाऊन सांगितलं असावं आणि कारकुनाने शिंकता शिंकता लिहून घेतलं असावं. 'नेवरी' की 'निवरी' असं काहीतरी, पुढे जिल्हा रत्नागिरी. आता आमच्याकडे नेवरे आहे, निवळी आहे, निवेंडी आहे, शिवाय संगमेश्वर तालुक्यात निवे, आणि तेही एकाने भागत नाही म्हणून बुद्रुक आणि खुर्द. पाहुण्यांनी गाडी ठरवली.

आडनावावरून गाव सापडेल म्हणाल तर तीही वाट बंद. आपल्याकडे बाळू हे नाव बाळूबरोबर जातं. मॉरिशसच्या कारकुनाने "नाव?" विचारलं, आलेल्या माणसाने "बाळू" सांगितलं, आणि पुढच्या पाच पिढ्या आडनावाने बाळू झाल्या. त्यामुळे प्रत्येक गावात तोच संवाद.

"आडनाव काय पावन्यांचा?"

पाहुणे आडनाव सांगत.

"ह्या नाव झाला वो. आडनाव काय?"

"हेच माझे आडनाव आहे."

"मग नाव काय?"

पाहुणे नाव सांगत. ते फ्रेंच होतं. तिथे संवाद संपे आणि चहा येई.

निवळीला जाताना मुंबई–गोवा महामार्ग लागला. दोन्ही बाजूंना खणलेलं, मध्ये मातीचे ढीग, पलीकडे अर्धवट खांब. पाहुण्यांनी भक्तिभावाने विचारलं, "येथे कोणत्या काळातील अवशेष सापडले आहेत?" ड्रायव्हर म्हणाला, "चौपदरीकरणाचे." नेवऱ्याला सुरूच्या बनात बसून आम्ही डबा खाल्ला. निवेंडीत एका आजोबांनी आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांना ऐकू येत नसल्याचं सुनेने सांगितलं.

मध्ये एक दिवस पाऊस फार, म्हणून पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. पाहुणे गच्चीवरून खाडीकडे बघत म्हणाले, "इंग्रजांनी येथून आमचे खापरपणजोबा नेले आणि येथे राजा आणला. आपला जिल्हा लाभात राहिला." मी हिशेब तपासला. राजाच्या पगारपेन्शनचा खर्च धरला तर ते बरोबर नव्हतं, पण पाहुण्यांना तसं कोण सांगणार?

तालुक्याच्या एका कचेरीतही गेलो. कुठल्या ते सांगत नाही, एक नक्कल अजून यायची आहे. 2023 साली राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून जुन्या दफ्तरांना जे दिवस आले ते विचारू नका. मोडी वाचणाऱ्याला तर जावयाचा मान. त्यामुळे अभिलेख कक्षाच्या दारात जो उभा राहील तो दाखल्यासाठीच आलाय असं धरलं जातं.

"कुणबी नोंद?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"नाही. खापरपणजोबा."

"कुठल्या प्रवेशासाठी?"

पाहुणे म्हणाले, "मनःशांतीसाठी."

कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. मग अर्जाचा नमुना दिला. अर्जासोबत वंशावळ जोडायची होती. वंशावळ शोधायला नोंद हवी, आणि नोंद मिळायला वंशावळ हवी. शिवाय आधार कार्ड. पाहुण्यांनी खापरपणजोबांचा इमिग्रेशन नंबर दाखवला. कारकुनाने तो मोजून पाहिला आणि म्हणाला, "आकडे कमी भरतात."

शेवटी गाव सापडलं ते कागदावरून नाही, तर ड्रायव्हरच्या मेव्हण्यामुळे. त्याच्या गावात एक जुनी गोष्ट होती: तिघा भावांतला मधला भांडून मुंबईला गेला, गोदीतून "साखरेच्या बेटावर" गेला, आणि परत आला नाही. हे गाव वरच्या पाचांतलंच एक. नाव लिहीत नाही, कारण भावकी हे वाचेल.

भावकी थोरल्या घराच्या पडवीत जमली. गणपतीमुळे मुंबईची मंडळीही होती, म्हणजे कोरम पूर्ण. पाहुण्यांनी फाइल उघडताच पडवीत जी शांतता पसरली ती मी फक्त निकालाच्या दिवशी वर्गात अनुभवली आहे. मग सर्वांत थोरल्या आबांनी घसा साफ केला. "जमिनीचा काय म्हननं नाय ना ह्यांचा?"

पाहुण्यांनी उभं राहून सांगितलं, "मला भूमीची अभिलाषा नाही."

याने उलट घबराट झाली. जो जमीन नको म्हणतो त्याला नक्की किती हवी आहे हे कळत नाही. आतून पेटी आली. पेटीत जुन्या दाव्यातली वंशावळ होती, स्टँप पेपरवर काढलेली. मूळ पुरुष, त्याखाली तीन फांद्या. थोरल्याची फांदी माणसांनी इतकी लगडली होती की कागद जोडावा लागला होता. धाकट्याचीही तशीच. मधल्याच्या नावाखाली दोनच शब्द: 'मयत, बिनवारस'.

नाव तेच. बापाचं नाव तेच. पाहुण्यांनी खिशातून फोन काढला आणि बिनवारसाचा परिवार दाखवला. साठ-सत्तर माणसं, मागे समुद्र, पुढच्या रांगेत पोरं. आबांनी फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. "ह्यो दुसऱ्या रांगेतला," ते म्हणाले, "ह्यो आमच्या सुऱ्यासारका दिसतो." सुऱ्या लगेच उठून आत गेला. दाव्यात चौदा गुंठे त्याच्या बापाला आले होते, ते मधल्या फांदीचे.

नावं जुळली म्हणून काय झालं, त्या दोन नावांची माणसं कोकणात दर वाडीला सापडतील, असा मुद्दा मुंबईच्या एका पुतण्याने काढला. तो वकिलाकडे टायपिस्ट होता. त्यावर आबा म्हणाले, मग देवीलाच विचारू. ही सूचना सगळ्यांना पटली, कारण देवीच्या निकालावर अपील नाही आणि स्टँप ड्यूटीही नाही.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "हे आई, ह्यो तुजा लेकरू सात समुद्रांपलीकडना आलाय, त्याचा काय खरा असंल तर उजवा दे," आणि मागे सगळी भावकी, "होय म्हाराजा!" पाहुणेही एक ताल चुकून, "होय महाराजा!" ओली फुलं देवीच्या अंगावर चिकटवली. भावकी डाव्या फुलाकडे बघत होती, पाहुणे उजव्याकडे. उजवं पडलं. पाहुण्यांनी लोटांगण घातलं. टायपिस्ट पुतण्या हळूच गुरवाला म्हणाला, "आता जमिनीचं वेगळं विचारा." गुरव म्हणाला, "ती त्यातला नाय बघत."

रात्री अंगणात जाखडी रंगली. ढोलकी, घुंगरू, गोल फेरा. पाहुणे पहिल्यांदा नुसते बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे याला झाकरी म्हणतात," आणि चपला काढून फेऱ्यात शिरले. पाय बरोबर पडत होता. फक्त गिरकी उलटी होती. त्यावर म्हाताऱ्यांत वाद लागला. एक म्हणे ही जुनी गिरकी, माझा आजा अशीच घ्यायचा; दुसरा म्हणे तुझा आजा चुकायचा. मग खरा प्रश्न आला: पाहुणे शक्तीवाले की तुरेवाले? पाहुण्यांना हा भेद कुठल्याच इयत्तेत शिकवलेला नव्हता. वरच्या वाडीने त्यांना शक्तीत धरलं, खालच्या वाडीने तुऱ्यात, आणि ज्या माणसाला दुपारी गुंठाभर जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, त्याला ओढून घ्यायला रात्री दोन वाड्या हातघाईवर आल्या. सुऱ्याने तर स्वतःचे घुंगरू काढून दिले.

त्या भरात देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तक आलं. पाहुण्यांनी आकडा सांगितला तेव्हा खजिनदाराने बॅटरी मारून तो पुन्हा विचारला. पावती लिहायला घेतली.

"आडनाव?"

पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आमचाच लाव."

खजिनदाराने लावलं. पाहुण्यांचं फ्रेंच नाव, बापाचं नाव, आणि पुढे ठसठशीत अक्षरात भावकीचं आडनाव. खाली सही, शिक्का, तारीख.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो तर आबा, खजिनदार आणि टायपिस्ट पुतण्या अंगणात हजर. तिघांचीही झोप झालेली दिसत नव्हती. पुतण्याने विषय काढला. रात्रीच्या पावतीत शाईचा जरा घोळ झालाय, ती परत द्यावी, ही दुसरी घ्यावी. दुसरीवर लिहिलं होतं, 'एक भाविक, मॉरिशस'. रक्कम तीच.

पाहुण्यांनी पावती वाचली, घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवली. "ती पावती मी ठेवतो," ते म्हणाले. "आणि हीसुद्धा ठेवतो. हिचे पैसे वेगळे देतो."

खजिनदाराने आबांकडे पाहिलं. आबांनी देवळाकडे पाहिलं. पत्रे अजून घ्यायचे होते.

"रोख," पुतण्या म्हणाला.