रिॲक्शन

माझ्या ताईच्या घरात तेरा वर्षांचा एक शेफ राहतो. शाळेच्या दाखल्यावर त्याचं काही वेगळं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो ओट्यावरून मान वळवत नाही. कपाळाला ताईची जुनी ओढणी, कोपरापर्यंत पीठ आणि पोळपाटाशेजारी उघडं कॉमिक. पानं मिटू नयेत म्हणून त्यावर लाटणं आडवं ठेवलेलं. एवढं दिसलं की पाहुण्यांनी समजावं, आज जेवायला उशीर आहे.

हा सगळा जपानी कॉमिकांचा प्रताप. तिकडे स्वयंपाक म्हणजे रणांगण. 1986 मध्ये सुरू झालेल्या 'मिस्टर अजिक्को'चा नायक जेमतेम चौदा वर्षांचा, वडिलांमागे आईबरोबर खानावळ चालवणारा आणि भल्याभल्या आचाऱ्यांना आव्हान देणारा. त्यावर पुढे कार्टून मालिका निघाली. तिच्यात पदार्थ आवडला की बड्या परीक्षकाच्या तोंडातून प्रकाशाचे झोत बाहेर पडत. आमच्या शेफचं दैवत मात्र ताकाशी हाशिगुचींची 'याकिताते!! जपान' ही 26 खंडांची मालिका. तिचा नायक अझुमा पाव बनवतो. त्याचे तळवे जन्मतःच उबदार, त्यामुळे त्याच्या हातची कणीक भराभर फुगते. अझुमाच्या घरात आजोबा भातवाले, सकाळीसुद्धा भातच पाहिजे. बहिणीला हवा पाव. जपानने आपला म्हणावा असा पाव शोधून काढायचा, हे त्याचं जीवितकार्य. आणि त्यातला एक परीक्षक तर पाव खाऊन थेट स्वर्गात जाऊन येतो.

उबदार तळव्यांचं ते 'सूर्यहस्त' प्रकरण वाचल्यापासून शेफने नातेवाइकांचे तळवे तपासायला सुरुवात केली. नमस्काराला वाकला तरी आधी हात हातात घ्यायचा, डोळे मिटायचा आणि "थंड" असा निकाल द्यायचा. आजी थंड, ताई थंड, मी "बरी, पण पावाला नाही". शेवटी सूर्यहस्त सापडले ते त्याच्या बाबांकडे. ज्या माणसाला मिसळणाच्या डब्यातली मोहरी कुठली आणि जिरं कुठलं हे विचारावं लागतं, त्याचे तळवे बारा महिने तव्यासारखे गरम. तेव्हापासून रविवारी परात बाबांपुढे येते. ताई म्हणते, "पंधरा वर्षं मी सांगत होते तेव्हा याचे हात कुठे होते?"

मीही या आगीत तेल ओतलं. वाढदिवसाला त्याला 'बेक लाइक अ प्रो!' हे फॅलिन कॉखचं कॉमिक दिलं. गोष्टीतून भट्टीचं विज्ञान शिकवणारं पुस्तक. तेव्हापासून घरात साधी पोळी खाण्याची सोय उरली नाही. "मावशी, कणीक मळून झाकून का ठेवतात सांग? ग्लुटेनला विश्रांती मिळते. नाहीतर लाटताना ते मागे ओढतं." आजी शांतपणे म्हणाली, "आम्ही कणकेला मुरू दे म्हणायचो. विश्रांती आम्हाला हवी असायची." यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं आणि ग्लुटेनची जाळी तो धरून ठेवते, हे आता आजोबांनाही पाठ आहे. जानेवारीत पीठ फुगेना, तेव्हा शेफने पातेलं आजीच्या गोधडीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवलं. पीठ फुगलं. आजोबांचं इस्त्रीचं धोतरही त्यात सामील झालं.

शेफला शांतता लागते. फोडणी देण्याआधी तो एक दीर्घ श्वास घेतो. पदार्थाला नाव दिल्याशिवाय तो ताटात पडत नाही. साध्या वरणाचं नाव 'सुवर्णधारा, भाग दुसरा'. पहिल्या भागाबद्दल विचारायचं नाही, तो लागला होता. मात्र भांडी घासणं ही कला त्याच्या कॉमिकांत नसावी. तिथे चौकट बदलते आणि ओटा लख्ख असतो. इथे चौकट बदलते आणि ताई पदर खोचते.

पण शेफचं खरं दुःख वेगळं आहे. त्याला रिॲक्शन हवी असते. पहिला घास तोंडात गेला की तो समोर येऊन उभा राहतो आणि तुमच्या भुवया वाचतो. गिळणंही अवघड होतं. आणि हा बिचारा जन्मला कुठे, तर आमच्या घराण्यात! आमच्याकडे जेवणाला दाद द्यायची रीत नाही. "खाता येतंय" म्हणजे छान. "मीठ बघ जरा" म्हणजे तक्रार नव्हे, हजेरी. फारच उत्तम झालं तर आजोबा काही न बोलता वाटी पुढे सरकवतात. स्वर्गात जाऊन येणं दूरच, आमच्याकडे कुणी पाटावरून हलत नाही. शेफने एकदा दुपारभर खपून पाव केले. आजोबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा चहात बुडवला आणि म्हणाले, "बेकरीत काय भावाने मिळतो?"

त्या रात्री शेफ जेवला नाही. युद्धाची खुमखुमी जरा उतरावी म्हणून मी त्याला 'मेझरिंग अप' वाचायला दिलं. लिली लामॉट यांची गोष्ट, ॲन शू यांची चित्रं, 2020 चं पुस्तक. तैवानहून सिॲटलला आलेली सिसी पाककलेच्या स्पर्धेत उतरते, कारण आजीला भेटीला आणायचं तर विमानाच्या तिकिटाचे पैसे हवेत. पुस्तक संपवून शेफ आजीपाशी गेला. "आजी, तुला काय खावंसं वाटतं?" आजी गोंधळली. हा प्रश्न ती घरादाराला विचारत आली. तिला कुणी विचारलेला आठवेना. बराच विचार करून म्हणाली, "दुसऱ्या कुणी केलेलं काहीही."

शेफने मऊ भात केला. वर तूप, मेतकूट, शेजारी पोह्याचा पापड. वाटीने मूद पाडली, मेतकूट गाळणीतून भुरभुरलं. आजी सावकाश जेवली. रिॲक्शन काही नाही. फक्त ताट विसळायला उठली नाही, तिथेच बसून राहिली.

तेव्हापासून शेफने धोरण बदललं आहे. रिॲक्शन मिळत नाही, तर तो स्वतःच देतो. परवा ताईने भेंडीची परतून भाजी केली होती. पहिल्या घासाला शेफने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, खुर्चीवरून जमिनीवर आडवा झाला आणि पुटपुटला, "मी कुठे आहे? वारा... दव... भेंडीचं शेत..." ताई म्हणाली, "नाटकं पुरे, शर्ट मळेल." पण त्या आठवड्यात भेंडी पुन्हा झाली. मग पुन्हा झाली.

आजोबांना भेंडी आवडत नाही. तिसऱ्या खेपेला ते वैतागून म्हणाले, "आता काय आम्हीही खाली पडायचं का?"

"नको आजोबा, तुमचा गुडघा आहे," शेफ म्हणाला. "नुसतं छान म्हटलंत तरी चालेल."

आजोबांनी घास चावला. ताईकडे पाहिलं, भेंडीकडे पाहिलं. घसा खाकरला.

"मीठ," ते म्हणाले, "बरोबर आहे."

शेफने ताईला टाळी दिली. तिचे हात पिठाने भरलेले होते.