परमिटकाका

"परतीचं विमान किती वाजताचं?"

कुणी ईशान्येकडे सुट्टीला निघालंय असं कानावर आलं की परमिटकाकांचा पहिला प्रश्न हा असतो. कुठे, किती दिवस, कोण कोण, हे सगळं नंतर. समोरचा बिचारा खुशीत सांगतो, "रविवारी सकाळी दहाचं. गुवाहाटीहून."

"आणि तवांगहून निघणार कधी?"

"शनिवारी. सकाळी नाश्ता करून."

'नाश्ता करून' हे दोन शब्द ऐकले की काका डोळे मिटतात. मग चष्मा काढून रुमालाने सावकाश पुसतात आणि विचारतात, "तिकीट आत्ता रद्द केलं तर किती कापतात?"

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त मेन्टेनन्सच्या पावतीवर उरलंय. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांच्या नकाशांवर समोच्च रेषा ओढता ओढता निवृत्त झाले. धरणं झाली की नाही ते खातं जाणे, रेषा मात्र काकांच्या हातून सुटल्या नाहीत. आता त्या लोकांच्या सुट्ट्यांवर ओढल्या जातात. काश्मीर, केरळ, सिमला-कुलू-मनाली असल्या गिऱ्हाइकांत त्यांना रस नाही. "तिथं काय, पैसे भरा आणि बसमध्ये बसा. पुरणपोळीसुद्धा ताटात येते." त्यांना माणूस हवा असतो तो नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा. त्यातही अरुणाचलला जाणारा. कारण अरुणाचलला परमिट लागतं.

परमिट म्हणजे इनर लाइन परमिट. ते कसं काढायचं एवढंच तुम्ही विचारलेलं असतं, पण काका 1873 पासून सुरुवात करतात. त्या साली इंग्रजांनी बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन काढलं, डोंगरी मुलखाभोवती एक रेषा आखली आणि तिच्या आत जायला परवाना ठेवला. इंग्रज गेले, रेषा राहिली. आज अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि 2019च्या डिसेंबरपासून मणिपूर, या चार राज्यांत शिरायला आपल्यालाही परवाना लागतो. मेघालयाला लागत नाही. हे शेवटचं वाक्य काका थोडं नाराजीनेच उच्चारतात.

इथवर चहा गार झालेला असतो. पण त्यापुढचं जे सांगतात ते वहीत उतरवून घ्यावं असं. अर्ज ऑनलाइन होतो. नाव ओळखपत्रावर असेल तसंच, अक्षराला अक्षर. भालुकपाँगला आसाम संपतं आणि अरुणाचलचं फाटक लागतं, तिथे परमिट बघतात. प्रत्येकाच्या परमिटच्या तीन-तीन छापील प्रती हव्यात. "मोबाइलमध्ये आहे की," असं दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा एकदा म्हणून गेला. काका त्याला म्हणाले, "अरे, मग तो मोबाइल छापून घे." त्यांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्ट साइझ फोटोंची एक थप्पी कायम असते. त्यांतल्या काही फोटोंत काकांचे केस काळे आहेत.

एका कुटुंबाबरोबर अमेरिकेतला पुतण्या निघाला होता. जन्म सदाशिव पेठेतला, पासपोर्ट मात्र तिकडचा. त्याच्याकडे ओसीआय कार्ड होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त. काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. परदेशी पासपोर्टवाल्याला इनर लाइन परमिट चालत नाही, त्याला प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, ओसीआय असला तरी. "म्हणजे मी परका?" पुतण्याने विचारलं. "भालुकपाँगला," काका म्हणाले. "पेठेतलं तुमचं तुम्ही बघा."

मला या गृहस्थांचा राग येतो तो त्यांची माहिती बरोबर असते म्हणून. चुकीची माहिती देणाऱ्याला आपण हसून सोडून देतो. बरोबर माहिती, तीही न विचारता आणि पहाटे, ही सोसवत नाही.

पहाटेचं प्रकरण असं. आपल्या घड्याळाची रेषा जाते मिर्झापूरजवळून आणि तेच घड्याळ अरुणाचलच्या टोकालाही चालतं. त्यामुळे तिकडे जूनमध्ये चार-साडेचारला लख्ख उजाडतं आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला दिवेलागण होते. आसामच्या चहामळ्यांनी यावर केव्हाच तोड काढली, ते आपलं घड्याळ एक तास पुढे ठेवतात. मराठी कुटुंबाचा सुट्टीतला दिनक्रम मात्र ठरलेला: आठला चहा, नऊला आंघोळीचा क्रम, त्यात एक जण गरम पाणी संपवणारा, दहाला पोहे आणि साडेदहाला "चला, निघू या का?" काकांच्या हिशेबाने तोवर अर्धा दिवस गेलेला असतो. शेअर सुमो तर पहाटेच सुटलेली असते. म्हणून निघायच्या आधी आठवडाभर ते संबंधित कुटुंबाला पहाटे चारला फोन करतात. सवय व्हावी म्हणून. फोन उचलला की एकच वाक्य: "तिकडे उजाडलं."

त्यांचं खरं कसब पाहायचं तर जेवणाच्या टेबलावर. परवा एका मुंजीत आमच्या पंक्तीला बसले होते. शेजारचे गृहस्थ दसऱ्यानंतर तवांगला जायचं म्हणाले आणि काकांनी ताट पुढे सरकवलं. मठ्ठ्याचा रिकामा पेला उपडा घातला. "हे तेजपूर. जमिनीलगत." त्यापुढे कोशिंबिरीची वाटी. "हे दिरांग, 5,000 फूट. पहिला मुक्काम इथे. वाटेत बोमडिला लागतं, 8,000 च्या आसपास, तिथे फक्त चहा." मग पाण्याचा तांब्या उचलून मधोमध ठेवला. "हा सेला पास. 13,700 फूट." यजमानांनी जिलेबी वाढायला हात पुढे केला, तो तांब्याला अडला. "आणि ही जिलेबी म्हणजे तवांग, 10,000. म्हणजे दिरांगहून निघून तुम्ही काही तासांत साडेआठ हजार फूट वर चढणार आणि पुन्हा उतरणार. डोकं दुखणार, मळमळणार. तेव्हा दिरांगला दोन रात्री काढा, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, आणि सेलावर उतरलात तर नाचू नका."

"पण आता बोगदा झालाय ना?" गृहस्थांनी वाचलेलं होतं.

काका याच प्रश्नाची वाट पाहत होते. सेला बोगदा 2024च्या मार्चमध्ये सुरू झाला हे खरं. बर्फात रस्ता अडायचा, ते संकट टळलं हेही खरं. "पण बोगदाच मुळी 13,000 फुटांवर आहे. डोंगर पोखरला म्हणून हवा दाट होत नाही." आणि बोगद्यातून गेलं की वरचं सेलाचं तळं हुकतं. यावर काकांचा तोडगा आहे, तो मला पटतो: जाताना बोगद्यातून जायचं आणि येताना, अंगाला उंची मानवलेली असते तेव्हा, खिंडीवरून. एवढं होईस्तोवर वाढपी दोनदा येऊन गेला. सेला पासमधलं पाणी कुणी प्यायचं यावर थोडा घोळ झाला, तो सोडा.

काकांना एकच गोष्ट हरवते: माधुरी. तवांगच्या वर, बुमला खिंडीच्या वाटेवर शोंगात्सेर नावाचं तळं आहे. पाण्यातून वाळलेल्या झाडांचे बुंधे उभे, चारी बाजूंना डोंगर. 1997च्या 'कोयला'चं चित्रीकरण तिथे झालं आणि तेव्हापासून तळ्याला माधुरी लेक म्हणतात. गाडीवाले म्हणतात, पाट्या म्हणतात. काका म्हणत नाहीत. ते 1962 सांगतात. बुमलाजवळ लढलेले सुभेदार जोगिंदर सिंग सांगतात, नुरानांगला ठाण मांडलेले जसवंतसिंग रावत सांगतात, सहाव्या दलाई लामांचा जन्म तवांगजवळच्या उर्गेलिंगचा, हेही सांगतात. श्रोते आदराने ऐकून घेतात आणि विचारतात, "माधुरी लेक कुठल्या दिवशी?" शेवटी काका हार मानून फोल्डर उघडतात. बुमला आणि तळ्यासाठी तवांगला पोचल्यावर वेगळी परवानगी काढावी लागते, हॉटेलवाला किंवा गाडीवाला आदल्या दिवशी ते काम करून देतो. बर्फ पडलं तर रस्ता बंद. बुमला 15,000 फुटांच्या वर, तेव्हा लहान मुलं आणि दमेकरी यांनी विचार करावा. या पानावर त्यांनी शीर्षक घातलंय: "शोंगात्सेर (मा.)".

खाण्यापिण्यात काका फारसे रमत नाहीत, आणि पैशांच्या बाबतीत एकच सांगतात: तेजपूरला रोख काढून घ्या, वरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. खाण्याचं खातं काकूंकडे. काका दरवर्षी कुठे ना कुठे जातात आणि काकू बरोबर असतात, हे सांगायचं राहिलं. दिरांगच्या होमस्टेत काका वहीत किलोमीटर मांडत बसले होते, तेव्हा काकू चुलीशी होत्या. मोन्पा जमातीच्या घरमालकिणीने त्यांना मोमोला मुरड घालायला शिकवलं, काकूंनी तिला उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडून दाखवल्या. अरुणाचलात हिंदी सगळीकडे चालते आणि काकूंची हिंदी डोंबिवली स्टेशनची, त्यामुळे दोघींचं छान जमलं. काकूंचा सल्ला काकांच्या साऱ्या फोल्डरपेक्षा लहान आहे: शाकाहारी असाल तर बसताक्षणी सांगा, भात-डाळ सगळीकडे मिळते, थुक्पा गरम असतानाच प्या आणि छुर्पी दातांनी तोडायला जाऊ नका, याकच्या दुधाचं ते वाळवलेलं चीज तासभर गालात ठेवायचं असतं. "यांना मी सेलावर तेच दिलं होतं," काकू सांगतात. "तासभर शांतता."

आता राखीव दिवस. काकांचं सगळं तत्त्वज्ञान या एका दिवसात आहे. प्रत्येक आराखड्यात शेवटून दुसरा दिवस कोरा असतो आणि त्यावर लाल शाईने "राखीव" लिहिलेलं असतं. तेजपूर ते तवांग अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आपण मनात म्हणतो, मुंबई-कोल्हापूरपेक्षा कमी. पण वाटेत दरड, धुकं, लष्कराचा ताफा, रस्त्याचं काम, यांतलं काहीतरी भेटतंच, आणि दोन दिवसांचा हा प्रवास एका दिवसात रेटणाऱ्याला मग विमान भेटत नाही. जून ते सप्टेंबर तर काका कुणाला जाऊच देत नाहीत. पण चार दिवसांच्या रजेला शनिवार-रविवार जोडून सहा दिवसांत राज्य उरकणारी आपली जात. एक दिवस नुसता ठेवायचा म्हणजे पैसे पाण्यात. तिथे काका हुकमी पत्ता टाकतात.

"1959 साली दलाई लामा याच वाटेने आले. 31 मार्चला सीमा ओलांडली. तवांग, बोमडिला करत तेजपूरला कधी पोचले? 18 एप्रिलला. पाठीमागे चिनी फौज होती. तुमच्या पाठीमागे काय आहे? ऑफिस."

गेल्या हंगामात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब काकांचा कागद घेऊन गेलं. इकडे काका रोज हवामान पाहत, ग्रुपवर "आता जांग आलं असेल, उजवीकडे धबधबा" असे निरोप टाकत होते. मंडळी परत आली. लिफ्टपाशीच काकांनी गाठलं. "दरड?" नव्हती. "सेलावर बर्फ?" नाही, ऊन होतं. "ताफा?" पाच मिनिटं थांबलो, जवानांनी हात केला. काकांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे राखीव दिवस लागलाच नाही?"

लागला नाही, म्हणून त्यांनी तो तेजपूरला काढला. अग्निगडावर गेले. बाणासुराने उषेला तिथे आगीच्या तटाआड कोंडलं होतं म्हणतात, उषा-अनिरुद्धाची शिल्पंही आहेत. दह पर्बतियाला गुप्तकाळातली दगडी द्वारशाखा पाहिली, गंगा-यमुना कोरलेली. संध्याकाळी ब्रह्मपुत्रेच्या काठी शेंगा खात बसले. सगळ्या सहलीत तोच दिवस सर्वांत चांगला गेला, असं वहिनींनी मनापासून सांगितलं. काका अस्वस्थ झाले. राखीव दिवशी काही पाहणं हे त्यांच्या नियमात बसत नाही. नव्या आराखड्यात आता दोन राखीव दिवस आहेत: एक अडचणीसाठी, एक तेजपूरसाठी. रजा मात्र तेवढीच आहे.

तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा मार्च-एप्रिलात तवांगला जायचं मनात असेल तर परमिट वेळेवर काढा, छापील प्रती ठेवा, दिरांगला दोन रात्री राहा आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस तेजपूरला मोकळा सोडा. एवढं पुरे आहे. आणि आमच्या इमारतीत कुणाकडे आलात तर कुठे निघालात ते लिफ्टमध्ये बोलू नका.