प्रबंधाच्या साच्यास अनावृत पत्र

प्रति,
श्री. थीसिस डॉट सीएलएस,
मुक्काम ‘लेटेक्स’, तालुका ‘टेक्स’, जिल्हा ‘टेक्सएमएफ-लोकल’.

विषय : आपली प्रतिष्ठापना, त्यात गेलेले तीन आठवडे आणि राहून गेलेलं चौथं प्रकरण.

महोदय,
स. न. वि. वि.

वरचा पत्ता बिनचूक आहे, याची कृपया नोंद घ्यावी. तो शोधायला मला चार रात्री लागल्या. विभागातल्या एका सीनियरने आपल्याला पेनड्राइव्हवरून माझ्या स्वाधीन केलं, तेव्हा सोबत एक रीडमी फाइल होती आणि तिच्यात एकच ओळ : ‘इन्स्टॉल करून वापरा.’ पुरणपोळीच्या कृतीत ‘पोळ्या करून वाढा’ एवढंच लिहावं, तसं. मी आपल्याला डाउनलोड्समध्ये ठेवलं, प्रबंध डेस्कटॉपवर ठेवला आणि कमांड सोडली. उत्तर आलं : फाइल सापडली नाही, दुसरं नाव द्या. मी पुन्हा आपलंच नाव दिलं. पुन्हा सापडली नाही. सीनियरला फोन केला. तो म्हणाला, “माझ्याकडे तर चालतंय!”

मग कळलं की आपल्यासारख्यांनी राहायचं ते फोल्डरांच्या ठरलेल्या झाडावर, ठरलेल्या फांदीवर. तिथे नेऊन बसवलं, तरी आपण बेपत्ताच. कारण त्या सामायिक झाडापाशी टेक्स हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम फोल्डर उघडून बघतच नाही, यादी बघतो. मतदान केंद्रावर माणूस ओळखपत्र घेऊन समोर उभा असतो आणि यादीत नाव नसतं, त्यातलाच हा प्रकार. यादी नव्याने करायची कमांड ‘टेक्सहॅश’. एक शब्द, दोन सेकंद. आपल्याला माझ्या स्वतःच्या होम फोल्डरातल्या टेक्सएमएफमध्ये ठेवलं असतं तर या यादीचीही गरज नव्हती, हे अर्थातच सगळं झाल्यावर कळलं.

आपण सापडलात आणि मराठी सारांश हरवला. माझा विषय तापीच्या खोऱ्यातला गाळ. त्यामुळे सारांशाचं पहिलंच अक्षर ‘त’. तिथेच गाडी अडली : ‘युनिकोड कॅरेक्टर त, यू+०९२४, याची सोय केलेली नाही.’ आपण जुन्या पीडीएफलेटेक्सवर पोसलेले, म्हणून मी झीलेटेक्सकडे गेलो. आता चूक एकही दाखवली नाही आणि पानही कोरं आलं; लॅटिन फॉन्टमध्ये ‘त’ नाही, ही तक्रार लॉग फाइलच्या पोटात मुकाट पडून होती. देवनागरी फॉन्ट लावला, तेव्हा ‘विद्यापीठ’ उमटलं खरं, पण पहिली वेलांटी ‘व’च्या मागे पडलेली आणि ‘द’चा पाय मोडून ‘य’ शेजारी वेगळा उभा. पहिलीतल्या मुलानेही असं लिहिलं नसतं. फॉन्टच्या ओळीत ‘स्क्रिप्ट बरोबर देवनागरी’ एवढं लिहिल्यावर वेलांटी जागेवर आली आणि जोडाक्षर जुळलं. त्या पहाटे मी ‘विद्यापीठ’ हा शब्द दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. विद्यापीठाकडे इतक्या प्रेमाने मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आपल्या घराण्याबद्दल मला आदर आहे. मूळपुरुष डोनाल्ड क्नूथ. १९७७ साली ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग’च्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात पडली आणि त्यातली अक्षरं त्यांना बघवेनात. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी टेक्स लिहायला घेतलं. लवकर आटपेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं. मालिकेचा तिसरा खंड १९७३चा. चौथ्याचा पहिला भाग आला तो २०११ साली. म्हणजे लिहायचं टाकून अक्षरांच्या मागे लागणं ही घराण्याची रीतच. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेक्सवर लेटेक्स उभारलं. लेखकाने मजकूर पाहावा, मांडणी आपल्यासारखी क्लास फाइल पाहील, असा त्यातला करार. माझ्या गाइड मॅडम विचारायच्या, “चौथं प्रकरण कुठवर आलं?” मी म्हणायचो, “मॅडम, मार्जिन झालं.”

तेही झालं नव्हतं. प्रबंध जमा करायला गेलो, तर खिडकीतल्या भाऊसाहेबांनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली. पान एक : डावीकडे दीड इंच, ठीक. पान दोन : डावीकडे एक इंच. “हे काय?” मी समजावलं की साचा पुस्तकाचा आहे, पाठपोट छपाई धरून चालतो, म्हणून सम पानांवर बांधणीची बाजू उजवीकडे जाते. ते म्हणाले, “छापलंय एका बाजूला ना? बाइंडर टोचणार डावीकडे.” मग मधली कोरी पानं मोजली. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करायचा आपला खानदानी आग्रह. त्यापायी पाच कोरी पानं. “ही कशाला? झेरॉक्सचे पैसे वर आलेत का?” घरी येऊन आपल्या पोटात ‘वनसाइड’ हा एक शब्द घातला. मार्जिन सरळ झालं, कोरी पानं गेली. महोदय, सगळ्या रामायणात जो माणूस नेमकं बोलला, त्याच्याकडे फक्त एक पट्टी होती.

असो. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत जमा झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी गाळाबद्दल तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, “टायपिंग छान करून घेतलंय. कुणाकडून?”

तेव्हाच ठरवलं होतं की आपल्यासाठी नीट रीडमी लिहायची, मराठीत, पत्त्यासकट. मग नोकरी लागली, गाव बदललं. आपल्या पहिल्या ओळीत ‘देखभाल’ या शब्दापुढे मात्र आता माझं नाव आहे. परवा रात्री पावणेतीनला विभागातल्या एका मुलीचा मेसेज आला : “दादा, फाइल सापडत नाही म्हणतंय.” मी झोपेतच उत्तर टाइप केलं. सकाळी वाचलं, तेव्हा हे पत्र लिहायला बसलो.

मी लिहिलं होतं, “माझ्याकडे तर चालतंय!”

आपला,
देखभालकर्ता