जागतिक भोजनाचा शास्त्रोक्त विधी: खास मोहनेकरांसाठी

मोहन्याहून जगप्रवासाला निघायला पासपोर्ट लागत नाही. शहाड किंवा आंबिवलीहून गाडी धरावी, नाहीतर रिक्षाने थेट कल्याण पश्चिमेला खडकपाडा गाठावा. थायलंड, इटली, मेक्सिको आणि लेबनॉन एकाच मेन्यूकार्डावर हजर असतात. अडचण येते ती कार्ड उघडल्यावर. नाचोज, हमस, रिसोटो ही नावे पाहून घरचा कर्ता माणूस एकाएकी मौनात जातो आणि थोड्या वेळाने पनीर बटर मसाला सांगून मोकळा होतो. ही शरणागती अशास्त्रीय आहे. म्हणून पहिला आणि खरे तर एकमेव नियम असा: पदार्थ कोणत्या देशाचा हे विचारू नये, तो कशाचा केला आहे आणि कोणत्या आचेवर, एवढेच विचारावे.

देश विचारून काही हाती लागत नाही, याचा पुरावा एकादशीच्या ताटलीत आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा आणि शेंगदाणाही तिथलेच. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातूनच पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर इकडे आली. म्हणजे आजी ज्या दिवशी परके अन्न वर्ज्य मानते, त्याच दिवशी ती सगळ्यात परदेशी फराळ करते. उलट ज्याला आपण चिनी म्हणतो ते चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी घडवले असे सांगतात: आले, लसूण, हिरवी मिरची परतायची, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि वर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा. शेजवानची गंमत त्याहून मोठी. चीनच्या ज्या सिचुआन प्रांतावरून हे नाव आले, तिथे जिभेला झिणझिण्या आणणारे जे फळ वापरतात, त्याचे सख्खे भावंड म्हणजे आपले तिरफळ. आपल्या शेजवान चटणीत ते सहसा नसतेच. ते असते कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत. तेव्हा सिचुआनची ओळख हवी असेल तर खडकपाड्यापेक्षा मालवण जवळ पडते.

यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप ठरलेला आहे: मग अस्सलपणाचे काय? युरोपची सहल करून आलेला एक तरी नातेवाईक टेबलावर असतोच आणि ‘इटलीत असं नसतं’ हे वाक्य सूप येण्याआधीच पडते. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. जिभेसाठी केलेला बदल वेगळा आणि झाकपाक करण्यासाठी केलेला वेगळा. थाई करीत तिखट वाढवले तर तो पहिला प्रकार; शिळ्या भाज्यांवर चीज आणि मेयोनीजची रजई ओढली तर तो दुसरा. दोन्हींतला फरक एका प्रश्नाने कळतो: ‘सॉसमध्ये काय काय आहे?’ ज्या वेटरला हे सांगता येते किंवा जो आत जाऊन विचारून येतो, तिथे निर्धास्त बसावे. पिंक सॉस म्हणजे रेड आणि व्हाइट एकत्र केलेला, हे जो प्रांजळपणे सांगेल त्याला टिप द्यावी. हा प्रश्न विचारायला मोहनेकरांनी तर मुळीच बुजू नये. गावातला एनआरसीचा रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण तोवर त्याच्या कॉलनीत नाना प्रांतांची बिऱ्हाडे शेजारी नांदली. भिंतीपलीकडे कशाची फोडणी पडली हे नाकाने ओळखण्याचे शिक्षण या गावाला फुकट मिळालेले आहे.

दुसरा आक्षेप गृहिणींचा आणि तो जास्त वजनदार: सगळे जिन्नस आपलेच, तर घरी का करू नये? इथे नियमाचा उत्तरार्ध, म्हणजे आच, कामी येतो. हमस हे शिजवलेले काबुली चणे, तिळाची पेस्ट, लसूण आणि लिंबू. ते मिक्सरवर होते. रिसोटो हा चीज घातलेल्या गुरगुट्या भाताचा लांबचा भाऊ. तो कढईत होतो. यांच्यावर पैसे घालवणे निषिद्ध. मात्र कढईच्या कडेवर ज्वाळा चढवणारी हॉटेलची भट्टी, तंदूर किंवा पिझ्झाचा तापलेला ओव्हन घरच्या दोन बर्नरच्या शेगडीला जमत नाही. जे नूडल्स मोठ्या आचेवर भराभर परतून धुरकट वासासकट येतात, ते मागवावेत. जे नुसते उकडून कालवलेले असते, ते सोडून द्यावे.

बिल हाही एक पदार्थच आहे, त्याचेही घटक वाचावेत. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के लागतो, तो मुकाट्याने द्यावा. सेवाशुल्काचे तसे नाही: ते बिलात आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आहे, त्यामुळे दिसल्यास काढायला सांगावे, तेही आवाज न चढवता. उरलेले पार्सल मागण्यात कमीपणा नाही. एवढी चौकशी केली तर जेवणातली मजाच जाते, असा शेवटचा आक्षेप काही जण घेतील. मजा अज्ञानातच आहे असे ज्यांचे ठाम मत असेल, त्यांच्यासाठी प्रत्येक कार्डावर ‘शेफ्स स्पेशल’ नावाची वेगळी सोय केलेली असते.